मुखकर्करोगात शस्त्रकर्मापूर्वीची इम्युनोथेरपी : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी अभ्यासलेख

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द रुग्णांच्या तोंडी रुळला आहे. आगरदांड्यासारख्या किनाऱ्यावरील गावातही मुंबईहून तपासून आलेला रुग्ण हा शब्द घेऊन आमच्यासमोर बसतो. त्याचे भाषांतर तो ‘प्रतिकारशक्ती वाढविण्याचे इंजेक्शन’ असे करतो आणि पुढे विचारतो, “ते इंजेक्शन सुरू आहे, तर आपल्याकडची प्रतिकारशक्तीची औषधेही सोबत द्याल काय?” प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या उत्तरावर त्या रुग्णाची शस्त्रक्रिया वेळेवर होणे किंवा लांबणे अवलंबून असू शकते. म्हणूनच या विषयाची सविस्तर उजळणी करण्याचे आम्ही योजिले आहे.

कर्करोगाच्या जागतिक नोंदींच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात व सुमारे ८० हजार मृत्यू होतात. जगातील अशा नव्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण एकट्या आपल्या देशातील आहेत. तेव्हा या रोगाच्या चिकित्सेत जे नवे घडते, ते आपणास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

संहितांतील आधार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात मुखरोगांची सात अधिष्ठाने सांगून त्यांची संख्या पासष्ट दिली आहे. ओष्ठाचे आठ, दंतमूलाचे पंधरा, दंताचे आठ, जिव्हेचे पाच, तालूचे नऊ, कंठाचे सतरा आणि सर्वसर तीन, अशी ही विभागणी होय. यांपैकी एकोणीस व्याधी असाध्य म्हटले असून त्यांत तालूचे अर्बुद व जिव्हेचा अलास यांचा समावेश आहे. असाध्य व्याधींची चिकित्सा करावयाची झाल्यास आप्तांना आधी स्पष्ट कल्पना देऊन मगच करावी, ही शिस्तही तेथेच घालून दिली आहे.

अर्बुदाचे वर्णन अकराव्या अध्यायात येते. वृत्त, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मूळ असलेले, हळूहळू वाढणारे व न पिकणारे असे ते असते. ‘मंद वेदना’ आणि ‘न पिकणे’ ही दोन लक्षणे आजही तितकीच महत्त्वाची आहेत, कारण दुखत नाही म्हणून रुग्ण थांबतो आणि पू होत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात. संहितेतील अर्बुद आणि आजचा कर्करोग हे सर्वांशी एकच, असे आम्ही म्हणत नाही. साम्य मात्र दुर्लक्षिता येणार नाही.

चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात आचार्य बजावतात की, अर्बुदाचा दोषांश शिल्लक ठेवल्यास ते पुन्हा लवकर उद्भवते. म्हणून ते निःशेष काढावे. आधुनिक शल्यचिकित्सक कापलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ‘कडा स्वच्छ आहेत काय’ असे विचारतो, तेव्हा त्याची चिंताही हीच असते.

आणखी एक उल्लेख आमच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे कर्माचे तीन भाग सांगितले आहेत. त्याच अध्यायात, इतर शस्त्रकर्मांपूर्वी रुग्णास हलके अन्न द्यावे, परंतु मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग यांत मात्र उपाशीपोटी कर्म करावे, असा अपवाद केला आहे. शस्त्रकर्माआधी काय द्यावे याइतकेच काय देऊ नये यालाही पूर्वकर्मात स्थान आहे, एवढे यावरून ध्यानी घ्यावे. पुढील विवेचनात त्याचा उपयोग होईल.

आपला किनारा आणि कारणे

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करतात असे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्याचा मुख्य प्रश्न विडी-सिगारेटचा नसून चुना-तंबाखू, गुटखा व मशेरीचा आहे. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. परंतु मशेरी घरातच भाजली जाते, आणि ती लावणारी स्त्री स्वतःस व्यसनी समजत नाही. प्रश्न विचारताना “तंबाखू खाता का?” असे न विचारता “दात कशाने घासता?” असे विचारल्यास खरे उत्तर मिळते, हा आमचा अनुभव आहे.

सुपारीविषयी बोलणे आपल्या भागात अवघड जाते. श्रीवर्धनची रोठा सुपारी हा या किनाऱ्याचा अभिमान, आणि वाड्या हे अनेकांचे उत्पन्न. तथापि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीलाही मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. सुपारीच्या सततच्या चर्वणाने गालाच्या आतील त्वचेखाली तंतू साचून तोंड उघडेनासे होते. या विकाराचे वर्णन १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी मुंबईतून प्रसिद्ध केले होते. असा रुग्ण कर्करोगाच्या उंबरठ्यावर उभा आहे असे समजूनच त्याला दर काही महिन्यांनी तपासावे.

शस्त्रक्रिया हेच प्रधानकर्म

इम्युनोथेरपीच्या वार्तेने कोणाचा असा समज होऊ नये की, आता शस्त्राची गरज उरली नाही. मुखकर्करोगात आजही शस्त्रक्रिया हाच चिकित्सेचा कणा आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी केलेला व २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात जगभर उल्लेखिला जातो. आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांत मुखातील गाठीसोबतच मानेतील लसिका ग्रंथीही काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. ग्रंथी नंतर, रोग तेथे दिसल्यावर काढण्याचे धोरण ठेवलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. वेळेवर व निःशेष काढण्याने किती फरक पडतो, हे यातून दिसते.

प्रगत अवस्थेत मात्र केवळ शस्त्रक्रिया पुरत नाही. त्यानंतर किरणोपचार व आवश्यक तेथे सिस्प्लॅटिन हे औषध द्यावे लागते. तरीही अनेकांत रोग उलटतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच काही देऊन फळ सुधारते काय, याचा शोध पुष्कळ वर्षे चालू होता. पूर्वी त्यासाठी केमोथेरपी वापरून पाहिली गेली. शांघाय येथील २५६ रुग्णांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाठी लहान झाल्या, परंतु एकूण आयुर्मान वाढले नाही. गाठ आकसली म्हणजे रोग हटला असे नव्हे, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

इम्युनोथेरपी म्हणजे नेमके काय?

शरीरातील टी-पेशी परकी व विकृत पेशी ओळखून मारतात. त्यांनी मर्यादा ओलांडून स्वतःच्याच धातूंचा नाश करू नये म्हणून निसर्गाने त्यांच्यावर काही रोधक ठेवले आहेत. ‘पीडी-१’ हा त्यांपैकी एक. कर्करोगाच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर ‘पीडी-एल१’ नावाचे प्रथिन धारण करतात. ते पीडी-१ ला जाऊन चिकटले की टी-पेशी जागच्या जागी थबकते. पेंब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब ही औषधे या दोहोंच्या मधे येतात व रोधक सुटतो. या रोधकांच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे आपल्या व्याधिक्षमत्वाच्या कल्पनेशी तुलना करण्याचा मोह होतो. चक्रपाणिदत्तांनी चरकसूत्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायावरील टीकेत व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ दिले आहेत. उत्पन्न व्याधीच्या बलाला विरोध करणे हा एक, आणि व्याधी उत्पन्नच न होऊ देणे हा दुसरा. इम्युनोथेरपीचे कार्य पहिल्या अर्थाच्या जवळ जाते. तथापि ती बल ‘वाढवीत’ नाही. असलेल्या बलावरील अडसर ती काढते. नांगर टाकलेल्या होडीला शिडाची उणीव नसते. नांगर उचलला की ती चालू लागते. रसायनाने शीड मोठे होते असे मानले, तरी नांगर उचललेल्या होडीला वाऱ्यात आणखी शीड लावणे हे तांडेलाला विचारल्याशिवाय करण्याचे काम नव्हे. ‘प्रतिकारशक्ती वाढविण्याचे इंजेक्शन’ हे भाषांतर म्हणूनच चुकीचे आहे आणि ते रुग्णाच्या मनातून काढणे हे आपले पहिले काम आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच का?

टी-पेशींना शत्रू ओळखण्यासाठी त्याचा नमुना लागतो. गाठ जागेवर असताना नमुना विपुल असतो, आणि ज्या लसिका ग्रंथींत या पेशींचे शिक्षण होते त्याही शाबूत असतात. शस्त्रक्रियेत गाठही जाते व मानेतील ग्रंथीही जातात. तेव्हा रोधक त्याआधी सुटला तर शिकून तयार झालेल्या पेशी शरीरभर पसरून, डोळ्यांस न दिसणारे अवशेष वेचू शकतील, असा हा विचार आहे.

केवळ ‘आधी’ देण्याने फरक पडतो, याचा स्पष्ट पुरावा त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात मिळाला. अमेरिकेतील ३१३ रुग्णांच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांना पेंब्रोलिझुमॅबच्या एकूण १८ मात्राच योजल्या होत्या. एका गटाला त्यांपैकी तीन शस्त्रक्रियेपूर्वी दिल्या. दुसऱ्याला सर्व नंतर. दोन वर्षांनी रोग न उलटता वा न बळावता राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ७२ टक्के व दुसऱ्यात ४९ टक्के होते. औषध एकच, एकूण मात्रा एकच, फरक केवळ काळाचा. औषधसेवनकालाचे महत्त्व मानणाऱ्या आपल्या शास्त्राच्या अभ्यासकांस हे विशेष वाटू नये.

शिर व ग्रीवेच्या कर्करोगात, किरणोपचार व केमोथेरपी एकत्र चालू असतानाच ही औषधे जोडण्याचे मोठे प्रयत्न मात्र अपेक्षित फळ देऊ शकले नाहीत. योग्य औषध अयोग्य काळी दिल्याचा तो प्रकार असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

२०२५ सालचा निर्णायक अभ्यास

‘कीनोट-६८९’ या नावाने ओळखला जाणारा अभ्यास जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेस योग्य अशा, स्थानिकदृष्ट्या प्रगत अवस्थेतील ७१४ रुग्ण होते आणि त्यांपैकी बहुसंख्य मुखकर्करोगाचे होते. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी पेंब्रोलिझुमॅबच्या २०० मिलिग्रॅमच्या दोन मात्रा तीन आठवड्यांच्या अंतराने, व नंतर नेहमीच्या उपचारांसोबत आणि पुढे मिळून १५ मात्रा योजल्या. दुसऱ्या गटाला शस्त्रक्रिया व नंतरचे प्रचलित उपचार मिळाले.

तीन वर्षांनी रोग न बळावता, न उलटता हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५७.६ टक्के व दुसऱ्यात ४६.४ टक्के आढळले. शस्त्रक्रियेपूर्वी औषध दिल्याने शस्त्रक्रिया चुकण्याचे प्रमाण वाढेल ही भीती होती. ती खरी ठरली नाही. दोन्ही गटांत सुमारे ८८ टक्के रुग्णांची शस्त्रक्रिया झाली. या आधारावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १२ जून २०२५ रोजी, गाठीत पीडी-एल१ चा ‘सीपीएस’ हा अंक १ वा अधिक असलेल्या रुग्णांसाठी या पद्धतीस मान्यता दिली.

आता मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे पाहावयास हव्यात. पहिली, काढलेल्या गाठीत जिवंत कर्कपेशी दहा टक्के वा त्याहून कमी उरणे, असा ठळक प्रतिसाद केवळ ९.४ टक्के रुग्णांत दिसला. दुसरी, एकूण आयुर्मानातील फरक अनुकूल दिशेचा असला तरी त्या वेळच्या विश्लेषणात तो सांख्यिकीय कसोटीवर सिद्ध झाला नव्हता. तिसरी, दोन मात्रांनंतर गाठ लहान झाली तरी शस्त्रक्रिया टळत नाही. चौथी, तीन वर्षांत रोग उलटणे वा मृत्यू हे दुसऱ्या गटाप्रमाणे पहिल्या गटातही पुष्कळांच्या वाट्यास आलेच. लाभ खरा आहे, पण तो चमत्कार नव्हे.

तिसऱ्या मुद्द्यावर आम्ही विशेष भर देतो. तोंडातील सूज उतरली, घास गिळता येऊ लागला की रुग्ण म्हणतो, “आता कापायचे कशाला?” आपल्या भागात त्याला आणखी एक कारण जोडले जाते. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, नारळीपौर्णिमेला दर्याची पूजा होते आणि होडीवर माणूस हवा असतो. “एवढा हंगाम जाऊ द्या” हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. रुग्णाचा ज्यावर विश्वास आहे असा वैद्य त्या घटकेला काय बोलतो, याला फार महत्त्व आहे. गाठीचा शेषांश ठेवू नये, हे सुश्रुताचे वचन त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावे.

खर्च आणि टाटा स्मारकाचा अल्पमात्रेचा मार्ग

या औषधांचा पूर्ण क्रम लाखांच्या घरात जातो. त्यामुळे आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांसाठी ते आजही आवाक्याबाहेर आहेत. या अडचणीवर मुंबईतच एक महत्त्वाचे काम झाले. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश व सहकाऱ्यांनी, बरा होण्यापलीकडे गेलेल्या शिर व ग्रीवेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांत एक अभ्यास केला व तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. तोंडाने घ्यावयाची तीन स्वस्त औषधे दोन्ही गटांना होती. एका गटाला त्यासोबत दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब केवळ २० मिलिग्रॅम दिले; प्रचलित पूर्ण मात्रेच्या दशांशाहूनही ते कमी आहे. एक वर्षाने हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

हे यश मोठे आहे. परंतु ते शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांतील आहे; त्यावरून शस्त्रक्रियेपूर्वीही अल्प मात्रा पुरेल असे परस्पर अनुमान काढता येत नाही. रुग्णाने विचारल्यास हाच भेद सांगावा व निर्णय कर्करोगतज्ज्ञांवर सोपवावा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावयास सांगावे. इम्युनोथेरपी परवडली नाही म्हणून शस्त्रक्रिया व किरणोपचारही सोडून देणे, ही सर्वांत मोठी हानी होय.

या काळात रसायन द्यावे काय?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. गुडूची, अश्वगंधा, आमलकी ही आपली नित्याची द्रव्ये. कोरोनाच्या साथीत ती घराघरांत पोहोचली. त्याच काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुडूचीसेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध केली. पुढे २०२२ साली देशातील तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती दिली. यकृताचा हा शोथ स्वप्रतिकारक प्रकारच्या विकारासारखा होता, असे त्यांचे निरीक्षण होते. आयुष मंत्रालयाने याला आक्षेप घेतला. गुडूची सुरक्षित आहे आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या अन्य जातीच्या वेलीशी गल्लत होण्याची शक्यता आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते.

हा वाद येथे सोडविण्याची गरज नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. इम्युनोथेरपीनेही स्वप्रतिकारक यकृतशोथ होऊ शकतो. रुग्ण दोन्ही घेत असेल आणि यकृताचे अंक वाढले, तर दोष कोणाचा हे कोणासही सांगता येणार नाही. मग तज्ज्ञाला इंजेक्शन थांबवावे लागेल, स्टेरॉइड सुरू करावे लागेल आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाईल. दीड-दोन महिन्यांच्या त्या मोजक्या काळात असा गोंधळ उत्पन्न करणारे काहीही देऊ नये. गुडूचीचा गुण नाकारण्याचा येथे प्रश्न नाही. पूर्वकर्मातील पथ्याचा आहे.

यासोबत आणखी तीन सावधगिऱ्या सांगतो. सांधेदुखी वा दम्यावर ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनावाच्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळत आली आहे, आणि इम्युनोथेरपी सुरू करतेवेळी शरीरात स्टेरॉइड असेल तर तिचा लाभ घटण्याची शक्यता असते; म्हणून अशा पुड्या कटाक्षाने बंद कराव्यात. यष्टिमधु दीर्घकाळ पोटात दिल्यास पोटॅशियम उतरते, तेव्हा पुढे सिस्प्लॅटिन मिळणाऱ्या रुग्णात ते टाळावे. आणि हरिद्रेचे तीव्र अर्क वा गोळ्या रक्तस्रावाच्या दृष्टीने शस्त्रक्रियेपूर्वी बंद ठेवाव्यात. स्वयंपाकातील हळदीला अर्थातच हरकत नाही.

उपद्रव : ओळखा आणि त्याच दिवशी कळवा

रोधक सुटल्यावर टी-पेशी कोणत्याही अवयवावर उलटू शकतात. उपद्रव काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी व औषध थांबविल्यावरही दिसतात. मुंबईचे रुग्णालय दूर व आपले चिकित्सालय जवळ. त्यामुळे असा रुग्ण प्रथम आपल्याकडेच येणार. पुढील लक्षणे ध्यानी ठेवावीत.

१. नेहमीपेक्षा दिवसाला चार वा अधिक वेळा जास्त शौचास होणे, आव वा रक्त पडणे : हा आंत्रशोथ असू शकतो. सामान्य अतिसार समजून कुटज वा स्तंभक देऊन वाट पाहू नये.

२. कोरडा खोकला, चालताना दम लागणे : फुप्फुसशोथाची शंका घ्यावी.

३. डोळे वा मूत्र पिवळे होणे, अन्नद्वेष : यकृतशोथ. कामला म्हणून घरगुती औषध सुरू करू नये.

४. अतिशय थकवा, थंडी सहन न होणे, मलावरोध, वजन वाढणे : अवटु ग्रंथीचे कार्य मंदावले असावे. हा उपद्रव पुष्कळ आढळतो व गोळीने आटोक्यात राहतो.

५. चक्कर, रक्तदाब उतरणे, वांत्या : अधिवृक्क ग्रंथीचा विकार असू शकतो, तो प्राणघातक ठरू शकतो.

६. अकस्मात फार तहान व मूत्रप्रवृत्ती : रक्तशर्करा तत्काळ तपासावी.

७. छातीत दुखणे, धडधड, पापण्या गळणे, स्नायूंचे दौर्बल्य : विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

८. अंगभर पुरळ, फोड, तीव्र कंडू : कुष्ठ वा शीतपित्त म्हणून शोधन योजण्यापूर्वी तज्ज्ञास दाखवावे.

यांपैकी काहीही आढळल्यास उपचार करणाऱ्या कर्करोगविभागास त्याच दिवशी दूरध्वनी करावा. रुग्णाजवळ औषधाचे नाव, शेवटच्या मात्रेची तारीख व विभागाचा क्रमांक लिहिलेला कागद सदैव असावा. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरणारा किंवा मुरुडहून एस.टी. धरणारा रुग्ण वाटेत अत्यवस्थ झाला, तर तोच कागद अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात उपयोगी पडेल. पावसाळ्यात मांडवा ते गेटवे ही लाँचसेवा बंद असते, म्हणून त्या महिन्यांतील तारखांचा प्रवास आधीच ठरवावा. टाटा स्मारक केंद्राचे खारघर येथील केंद्र आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे, हेही अनेक रुग्णांस ठाऊक नसते.

आपण काय करावे?

सर्वांत मोठे कार्य रोग लवकर ओळखण्याचे आहे. केरळात तिरुवनंतपुरम येथे झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी केवळ डोळ्यांनी तोंड तपासले. तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटले. त्यासाठी यंत्र लागले नाही. बॅटरी, हातमोजा, जिव्हापट्टिका व दोन मिनिटे एवढे साहित्य प्रत्येक वैद्याजवळ आहे. ओठ उलटून, गाल ताणून, जीभ दोन्ही बाजूंस ओढून तिच्या कडा व तळ पाहावा; शेवटी बोटाने चाचपून काठिण्य व मानेत ग्रंथी पाहाव्यात.

व्रण, पांढरा वा लाल चट्टा, कारणाविना हलणारा दात, खालच्या ओठाचा बधिरपणा, तोंड उघडण्यास अटकाव, गिळताना कानात कळ, यांपैकी काहीही पंधरा दिवसांत न निवळल्यास तुकड्याच्या तपासणीसाठी पाठवावे. खदिरादि वटी व इरिमेदादि तेल ही उत्तम औषधे आहेत, पण त्यांना पंधरा दिवसांची मुदत घालावी. संशयित व्रणावर क्षारकर्म वा प्रतिसारण करू नये. त्याने कडा बदलतात व निदान लांबते. औषध सुरू होण्यापूर्वी गाठीची मूळ व्याप्ती नोंदणेही आवश्यक असते, कारण शस्त्रकर्माचा आराखडा तीवरच ठरतो.

निदानानंतर आपले काम संपत नाही. तंबाखू व सुपारी पूर्ण सोडविणे, वजन टिकविणे, मुगाचे कढण, तूप घातलेली मऊ पेज, दूध, अंडे वा काटे काढलेली मऊ मासळी असा गिळता येईल असा पौष्टिक आहार ठरविणे, मिठाच्या कोमट पाण्याने मुखशुद्धी, तोंड उघडण्याचा व्यायाम, मधुमेहाचे नियंत्रण, झोप आणि धीर, ही सर्व चिकित्साच होय. पुढे किरणोपचारात तोंड आले, तर मध वा घृत यांचा स्थानिक उपयोग तज्ज्ञास सांगून करता येतो.

औषधविक्रेत्या बांधवांस एक विनंती. प्रतिकारशक्तीचे कोणतेही चूर्ण वा काढा देण्यापूर्वी “घरात कोणाचे कर्करोगाचे उपचार चालू आहेत काय?” हा एक प्रश्न विचारावा. बिलावर औषधाचे नाव व बॅच क्रमांक लिहावा. म्हणजे उपद्रव झाल्यास खरे-खोटे तपासता येईल व औषधदक्षता केंद्राकडे नोंद करता येईल. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय अधिनियमान्वये गुन्हा आहे. असा मजकूर असलेले फलक व पत्रके दुकानात ठेवू नयेत.

समारोप

शस्त्रकर्मापूर्वीच्या इम्युनोथेरपीने मुखकर्करोगाच्या चिकित्सेत एक नवे पूर्वकर्म आणले आहे. ते सर्वांना लागू नाही, सर्वांना परवडत नाही आणि शस्त्राची जागा घेत नाही. तिच्या काळात आपल्या औषधांनी मौन पाळावे, आपल्या डोळ्यांनी मात्र जागे राहावे. रुग्ण ज्या तारखेला शस्त्रक्रियेसाठी जावयाचा, त्या तारखेला तो सुपोषित, निर्व्यसनी व निर्धास्त मनाने तेथे पोहोचावा, एवढे साधले तरी वैद्याचे कर्तव्य पुष्कळ अंशी पार पडले असे आम्ही समजतो.

स्वाध्याय

१. इम्युनोथेरपी बल वाढविते की बलावरील अडसर दूर करते? व्याधिक्षमत्वाच्या दोन अर्थांच्या आधारे स्पष्ट करा.

२. इम्युनोथेरपी चालू असलेल्या रुग्णात अतिसार आढळल्यास स्तंभन का करू नये?

३. दोन मात्रांनंतर सूज उतरलेला रुग्ण शस्त्रक्रियेस नकार देत आहे. आपण त्याला काय सांगाल?

४. आपल्या गावातील दहा तंबाखू वा मशेरी सेवन करणाऱ्या व्यक्तींचे तोंड तपासून आढळलेल्या चट्ट्यांची व व्रणांची नोंद ठेवा आणि पंधरा दिवसांनी तीच तपासणी पुन्हा करा.